कार्डांबायच्या सोळा वाटा

कार्डांबाय माणसाचं तोंड बघत नसे, हात बघे. दुकानात कुणीही शिरला, भाटकार म्हणजे मोठा जमीनदार असो की ट्रकवरचा क्लीनर, ती मान वर न करता म्हणायची, "हात दाखय." डिचोलीच्या बाजूला तेव्हा सगळ्यांचेच हात तांबडे. खाणीची धूळ नखांत, केसांत, पेजेतसुद्धा. तिला ती दिसली की बोटाने बाहेरचा नळ दाखवी. "धुवून ये. मागीर उलय." म्हणजे मग बोल. एकदा बँकेचे साहेब हात धुवून आले आणि ओल्या हातांनीच टेबलाला टेकले. तिने त्यांना परत बाहेर काढलं आणि हात सुकेपर्यंत उन्हात उभं केलं. साहेब उभे राहिले. कॉम्प्युटर धड दुरुस्त करणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही.

ती माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी तिला बाय म्हणे, सगळं गाव कार्डांबाय म्हणे, कारण कुठलंही मशीन आलं की पहिल्यांदा ती त्यातली कार्डं उपटून टेबलावर ओळीत मांडायची. दिसायला वाईट होती. हे सरळ सांगते, कारण बाई मेली की लोक तिला उगीच देखणी करतात. तोंडभर देवीचे वण होते आणि एक खांदा उंच होता. बघायला आलेल्या शेवटच्या माणसाला तिने विचारलं, "तुमी किते करतात?" तो म्हणाला, वडिलांचं दुकान आहे. "म्हणजे काय करनात," असं ती त्याच्या आईकडे बघून म्हणाली. त्यानंतर कुणी आलं नाही. कुणी यावं असं तिलाही वाटत नव्हतं.

पाळी गावात खाणीच्या ऑफिसात ती कामाला होती. ट्रक वजन करून सोडायचं काम. तिथे कॉम्प्युटर आले तसे ते बिघडायलाही लागले, कारण धूळ. पणजीहून इंजिनिअर यायचा आणि ही त्याच्या पाठीशी उभी राहायची. तो म्हणायचा, "बाई, उजेड अडवू नका." ही हलत नसे. असं किती वर्षं उभी राहिली ते तिलाच माहीत. मग नोकरी सोडली आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. घर माझ्या नवऱ्याचंही होतं, पण विचारलं कुणालाच नाही. मी सकाळी उठून बघते तर माझा पाटा, वरवंटा आणि तांदळाचं पिंप मागच्या पडवीत.

आमच्याकडे भाषेचं भांडण कधी संपलं नाही. कोकणी की मराठी, यावर दुकानात गिऱ्हाइकं तावातावाने बोलायची. तेव्हा गोव्याचं वेगळं राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती तरी. बाय ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "ह्या मशिनाक एक आनी शून्य सोडून काय कळना. तरी तां काम करता. तुमका दोन दोन भाशा येतात आनी काम शून्य." ती स्वतः बोले कोकणी, कागदावर लिही मराठी, आणि खोक्यावरचं इंग्रजी वाची. तिन्हींत ती सारखीच खडूस होती.

पाळीच्या एका ट्रकवाल्याची गोष्ट सांगते. चवथीच्या आधीचे दिवस होते. त्याने मशीन उघडलं, व्हिडिओचं मोठं कार्ड काढलं, धूळ झटकली आणि कार्ड सोप्यावर ठेवून जेवायला गेला. तिथेच त्याची आई बिंबलं, ती आंबटढाण फळं, आणि चुलीतली राख घेऊन समया घासायला बसली होती. कार्डाच्या काठाला पिवळे दात असतात, ते धुळीने आणि घामाने काळपटले होते. म्हातारीला वाटलं, मुलगा हेही घासायलाच ठेवून गेला. तिने ते समयांसारखंच घासलं. लख्ख केलं.

बायने ते कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाली, "आवयक घेवन ये." बिचारी आली. बायने तिला स्टुलावर बसवलं आणि कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं.

"आवय, किते केलंस?"

"काळां जाल्लां गो बाय. बिंबलां लावन घासलां."

"ह्या दातांक सोन्याचां पाणी आसता. बारीक, पापुद्र्यापेक्षा बारीक. तां तू राखेन खरवडून उडयलां. आता घरा वच आनी सुनेच्या गळ्यातलांय असांच घास."

म्हातारी रडायला लागली. मुलगा म्हणाला, "बाय, पण लावून बघितलां मी. चलता. पडदो पेटता." बाय हसली. ती हसायची तेव्हा समजावं की आता जास्त वाईट काहीतरी येणार. "पेटता," ती म्हणाली. "तुजो ट्रकय एका बाजूचे टायर काढले तरी घरघरता मरे." मग तिने मशीन सुरू केलं, कार्डाला काम लावलं आणि एका लहानशा चौकटीत आकडा दाखवला. तिथे सोळा हवे होते. चार होते.

त्या दिवशी तिने त्याला सांगितलं ते मीही ऐकलं. मी चहा घेऊन दारात उभी होते. माझ्या शब्दांत सांगते. मोठ्या कार्डाला बोर्डापर्यंत, म्हणजे सगळी कार्डं ज्यात खोचतात त्या मोठ्या पाटीपर्यंत, जायला सोळा वाटा असतात. लेन म्हणतात, ती वाट म्हणे. मशीन सुरू झालं की बोर्ड आणि कार्ड पहिल्यांदा एकमेकांना हाका मारतात. किती वाटांवरून हाक पोचली ते बघतात. सोळांवरून पोचली तर सोळा. मधल्या काही मेल्या असतील तर आठांवर येतात, नाहीतर चारांवर, अगदीच झालं तर एकीवर. पहिलीच मेली तर सहसा पडदा पेटतच नाही. हे सगळं ते आपसांत ठरवतात आणि मालकाला सांगत नाहीत. मालकाला पडदा दिसतो, म्हणून तो खूश. "मशीन तक्रार करना," बाय त्या ट्रकवाल्याला म्हणाली, "आपला आपण कमी करून घेता. आनी तू म्हणता, चलता." मग म्हातारीच्या मांडीवरचं कार्ड उचलून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिच्या देखत.

पुढे खाणी बंद पडल्या. आमच्या ह्यांचाही एक ट्रक होता खाणीच्या मालावर, तो दारात उभा राहिला. आमचे हे रोज सकाळी उठून त्याच्याकडे बघत सोप्यावर बसायचे आणि जेवायला आत यायचे, बस. घर दुकानावर चालायला लागलं आणि बायची जीभ घरातही सुटली. भावाला ताट वाढलं की म्हणायची, "वाड, वाड. मशिनां दुरुस्त करून दमलाहा तो." ते खाली मान घालून जेवायचे. मला तिचा राग यायचा आणि त्यांचा जास्त यायचा. एक दिवस मी पदर खोचला आणि दुकानात जाऊन म्हटलं, "बाय, माका शिकयात."

"तुका? पेडणेकरणी, तुका पेज ऊतू जाता ती कळना." माझं माहेर पेडण्याचं.

पण हात बघितले. माझे हात कोरडे आणि स्वच्छ होते. तिने मला खोडरबर दिला आणि जुन्या कार्डांचे दात पुसायला बसवलं. एका दिशेने, वरून खाली. आडवं पुसलं की पेचकसाची मूठ बोटांच्या सांध्यावर बसायची. जोरात बसायची. माझी बोटं अजून थंडीत दुखतात ती त्यामुळेच, असं मी म्हणते. डॉक्टर वय म्हणतो.

शिकवायची तिची पद्धत म्हणजे आधी चूक करू द्यायची, मग गिऱ्हाइकासमोर काढायची. पण शिकवलेलं विसरता येत नसे. जुन्या मशिनांत पांढरे लांब स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचा, असायचे. ते दाखवून म्हणाली, "हो पाळीचो रस्तो." म्हणजे सगळ्या कार्डांना मिळून एकच रस्ता. एकाचा माल चालला की बाकीचे थांबलेले, पाळी मागत. शिवाय त्या रस्त्यावर तारा पुष्कळ, आणि सगळ्या तारांवरचं सामान एकाच वेळी पोचायला हवं. विहिरीवरून बायकांची रांग खांद्याला खांदा लावून कळश्या आणते तसं. एक मागे राहिली की सगळं फुकट. म्हणून सगळ्यांनी सावकाश चालायचं. वेग वाढवायला गेलं की रांग मोडते.

नव्या काळ्या स्लॉटात, ज्याला एक्सप्रेस म्हणतात, प्रत्येक कार्डाला आपली वेगळी वाट. कुणी कुणासाठी थांबत नाही. जाण्याच्या दोन तारा, येण्याच्या दोन तारा, अशी एक वाट. सामान तुकडे करून पानावर वाढावं तसं सगळ्या वाटांना वाढतात, एक तुकडा पहिलीला, एक दुसरीला. पलीकडे कुणी जरा आधी पोचला तर तो थांबतो, उरलेले आले की पुन्हा ओळ लागते. रांगेने चालायचं नसल्यामुळे प्रत्येकाला धावता येतं.

मी विचारलं, जायला एक तार पुरे, दोन कशाला? ती म्हणाली, "दोघींक एकाच पावसात धाड. दोघी सारक्याच भिजतल्यो. पण एक उंच आनी एक मोटवी, तो फरक भिजलो म्हणून जायत?" म्हणजे एका तारेवर निरोप सुलटा जातो, दुसरीवर उलटा. वाटेत जी काय गडबड होते ती दोघींवर सारखीच पडते. पोचल्यावर दोघींतला फरक तेवढा बघतात, गडबड आपोआप गळून जाते. मला हे इतकं आवडलं की मी हसले. तिने मूठ मारली. "हसता कित्याक? पुसत रव."

आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर असतो. पोचणारा तपासतो, खराब असेल तर म्हणतो, पुन्हा पाठव. पोचला असा निरोप येईपर्यंत पाठवणाऱ्याने आपल्याकडची प्रत टाकायची नाही. समोरच्याकडे जागा किती आहे हेही आधी विचारायचं, तेवढंच पाठवायचं. मी म्हटलं, माणसांपेक्षा मशिनं बरी. ती म्हणाली, "माणसांक कोण पुन्हा धाड म्हणता? माणूस खराब पोचता तोच ठेवून घेतात."

मग तिचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा पेला, मग पेचकस. डॉक्टरकडे गेली नाही. पेच खाली पडला की मला शिव्या द्यायची, जणू मीच टेबल हलवलं. कार्ड बसवायचं काम मात्र ती कुणाला करू देत नव्हती. कार्ड स्लॉटात सरळ, एका दाबाने बसावं लागतं. तिरकं गेलं तर आतल्या बारीक पात्या दबतात. ती श्वास रोखून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून बसवायची. मी बघे, आणि बघते आहे हे तिला दिसलं की ती मला पाणी आणायला पाठवी.

त्याच सुमारास म्हापशाचा एक कॉम्प्युटरवाला यायला लागला. त्याला आमची पुढची खोली हवी होती, गिऱ्हाइकांसकट. चहा पिताना तो भिंती मोजल्यासारखा बघायचा. मी म्हटलं, "बाय, मी आसा न्हू?" ती त्याच्यासमोरच म्हणाली, "हिका समयो घासूंक येतात. कार्डां न्हय. पुढल्या शुक्रारा म्हापशाच्या बाजाराक जाता, तेव्हा काय तां ठरयता." हे आत सोप्यावर ऐकू गेलं. आमचे हे ट्रकाकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात गेले आणि रात्रीला काय शिजवायचं याचा विचार केला, कारण पुढच्या महिन्यात काय शिजवायचं हे मला कळत नव्हतं.

तो शुक्रवार यायच्या आधी फोटो स्टुडिओवाला मशीन घेऊन आला. लग्नाचे व्हिडिओ जोडायचा तो. म्हणाला, "बाय, तुमी दुरुस्त करून दिल्यापासून चलता, पण अडकत अडकत." म्हापशेकार बाजूला बसलेलाच होता. लगेच म्हणाला, कार्ड गेलं, नवीन घ्या, माझ्याकडे आहे. बाय माझ्याकडे न बघता म्हणाली, "उघड."

मी मशीन सुरू केलं. निवांत असताना मशीन मुद्दाम हळू चालतं, म्हणून आधी त्याला काम लावायचं, हे तिनेच मुठी मारून शिकवलेलं. काम लावलं आणि आकडा बघितला. चार. बंद केलं, कार्ड काढलं, दात पुसले, सरळ बसवलं. चार. मग फळीवरचं दुसरं, चांगलं कार्ड त्याच स्लॉटात घातलं. तेही चार. म्हणजे कार्ड निर्दोष. बॅटरी घेऊन स्लॉटात वाकून बघितलं. मधल्यापासून मागच्या टोकापर्यंतच्या पात्या मुडपून आडव्या झालेल्या. तिथे कुणीतरी कार्ड तिरकं घातलं होतं, आणि त्या मशिनात तिच्याशिवाय कुणाचा हात गेला नव्हता.

"किते आसा?" बायने विचारलं.

धूळ, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. डिचोलीत धूळ म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही. तिची लाज राहिली असती आणि शुक्रवारी दुकान म्हापशाला गेलं असतं.

मी म्हटलं, "कार्ड बरां आसा, बाय. स्लॉट मोडला. तुमच्या हातान."

म्हापशेकार हसला. बाय उठली, माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि मशिनावर वाकली. बॅटरीचा उजेड बोर्डावर जागेवर राहीना. इकडून तिकडे, इकडून तिकडे. आम्ही तिघेही तो उजेड बघत होतो. तिला हवी ती जागा तिला शेवटपर्यंत सापडली नाही. मी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि उजेड त्या पात्यांवर नेला. तिने बघितलं. हात सोडवून घेतला नाही.

"मोडला," ती स्टुडिओवाल्याला म्हणाली. "मीच मोडला. बोर्ड बदलून दितंव." मग म्हापशेकाराला म्हणाली, "तू वच. हांगा बाईमाणूस बसता."

"खंयची बाई? ही? चार यत्ता शिकलेली?"

"माज्या तोंडार खरां सांगपाक तुका किती यत्ता व्हयत?" ती म्हणाली. "वच."

दुकान मला मिळालं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. लोकांना वाटतं अशा प्रसंगी माणसं गळ्यात पडतात. तिने ते वाक्य म्हापशेकाराला ऐकवायला म्हटलं, मला नव्हे. जेवायला वाढलं की जेवायची, औषध दिलं की घ्यायची, डोळ्याला डोळा द्यायची नाही. गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं की माझ्याकडे बोट करायची. मला पस्तावा झाला नाही, अजूनही नाही. ती माझ्या जागी असती तर तिने हेच केलं असतं, आणि पेचकसाची मूठही मारली असती.

पुढे तिला अंथरूण धरावं लागलं. तिची खाट दुकानाच्या पाठच्या खोलीत, मध्ये फळ्यांची भिंत. मी तिला भरवायची, पुसायची, कूस बदलायची. त्यातही ती मला हात झटकून दाखवायची, मी काय चुकीचं करते ते. मग एक दिवस मी एका गिऱ्हाइकाला काहीतरी समजावत होते आणि आतून खण्ण आवाज आला. स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडावर आपटलेला. मी दचकले. बोललेलं आठवून बघितलं आणि चूक सापडली. तेव्हापासून हे रोजचं झालं. मी दुकानात बोलायची आणि ती आत पडून ऐकायची. चुकले की पेला. बरोबर असलं की काही नाही. बरोबर असण्याबद्दल तिने आयुष्यात कुणाला काही दिलं नव्हतं. गिऱ्हाइकं विचारायची, आत मांजर आहे का? मी म्हणे, होय, म्हातारं आहे, चावतं.

असं बरेच दिवस चाललं. शेवटी शेवटी तिला घास गिळता येत नव्हता, पेला मात्र धरता यायचा. आमचे हे म्हणाले, तो पेला काढून घे, शेजारी काय म्हणतील. मी काढला नाही. मला त्याची गरज होती. माया नव्हे, गरज. दुकानात मी एकटी होते आणि मला अर्धंच येत होतं.

एका सकाळी शाळेतली एक तरुण बाई मशीन घेऊन आली. तिला दुसरं मोठं कार्ड बसवायचं होतं. मी म्हटलं, "बसव गो. हो खालचो स्लॉटय तितकोच लांब आसा. सोळा वाटा मेळटल्यो." म्हटलं आणि सवयीने थांबले. आतून आवाज आला नाही. म्हणजे बरोबर असणार. पण मनात खुपलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, फळ्यांच्या बाजूला तोंड करून. ती बाई माझ्याकडे बघायला लागली. आत काही वाजलं नाही.

मी बोर्ड उजेडात धरला, खालच्या स्लॉटात वाकून बघितलं. पात्या पहिल्या थोड्याशाच भागात होत्या, पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक.

"रव," मी म्हटलं. "चुकलां माजां. हो दिसता लांब, पण भितर वाटा चारच जोडल्यो आसत. हांगा घालशी तर चारांवरच चलतलां."

तिने मान हलवली. मी पेच आवळले, झाकण लावलं, मशीन तिच्या हातात दिलं आणि ती रस्त्याला लागेपर्यंत दारात उभी राहिले. मग आत गेले.